हात जोडले तरी आतून आभार येत नाहीत: कठीण वर्षानंतरचं गरोदरपण

प्रश्न असा आला आहे:

"मी 31 वर्षांची, खासगी शाळेत शिकवते. गेल्या वर्षी विसाव्या आठवड्यात फारशा कळा न येता पिशवीचं तोंड उघडलं आणि बाळ गेलं. दहाव्या दिवशी मी पुन्हा शाळेत हजर होते. चार महिन्यांनी माझे वडील गेले. दिवाळीच्या तोंडावर नवऱ्याची कंपनीतली नोकरी सुटली, ती आत्ता कुठे दुसरीकडे लागली आहे. आता मला चोविसावा आठवडा चालू आहे. चौदाव्या आठवड्यात टाका घातला, सोनोग्राफीचे रिपोर्ट चांगले आहेत. घरातले सगळे म्हणतात, देवाने पुन्हा दिलं, आभार मान, आनंदात राहा, नाहीतर बाळावर परिणाम होईल. मी रोज देवघरापुढे उभी राहते, हात जोडते, पण आतून काहीच येत नाही. मी कृतघ्न आहे म्हणून देव हेही बाळ नेईल अशी भीती वाटते. सासूबाईंनी सातव्या महिन्यात डोहाळेजेवण ठरवलंय, मला ते नको वाटतं. मी काय करू?"

तुमच्या प्रश्नातली ती भीती सगळ्यात आधी घेते, कारण ती मनात असेपर्यंत बाकीचं काही आत पोचणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून आयुष्याचा मोठा भाग मी प्रसूतिकक्षात काढला आहे आणि तुम्हाला छातीठोकपणे सांगते, पोटातलं बाळ राहणार की जाणार हे आईच्या मनात आभार आहेत की नाहीत यावर ठरत नाही. फारशा कळा न येता पाचव्या महिन्यात पिशवीचं तोंड उघडतं, तेव्हा बहुतेक वेळा ते तोंडच वाढतं वजन पेलायला कमी पडलेलं असतं. काहींची घडणच जन्मापासून तशी असते, काहींच्या पिशवीच्या तोंडावर आधी एखादी शस्त्रक्रिया झालेली असते आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत कारण हाती लागतच नाही. तुम्ही त्या आठवड्यात शाळेचे जिने चढलात, कुणाशी चढ्या आवाजात बोललात, एखादी संकष्टी राहून गेली, यातल्या कशानेही ते तोंड उघडलेलं नाही. या खेपेला तुमच्या डॉक्टरांनी मागचं लक्षात घेऊन वेळेत पिशवीच्या तोंडाला टाका घातला. तुम्ही रात्री उशीत तोंड खुपसून रडलात म्हणून तो टाका सैल होत नाही आणि देवापुढे मन भरून आलं म्हणून घट्टही होत नाही.

हे इतकं ठासून सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींच्या मनात आभाराचा एक हिशोब बसलेला असतो. कर्जाचा हप्ता थकला की बँक दाराशी येते, तसा आभाराचा हप्ता चुकला की देव वसुलीला येईल, असं त्यांना वाटतं. मग त्या रोज हप्ता भरायला देवघरापुढे उभ्या राहतात आणि मनातून काही निघालं नाही की आणखी घाबरतात. अशा धाकात कुणाच्याही मनात कृतज्ञता उगवणार नाही. तुमचं मन आटलेलं नाही. ते भ्यालं आहे, आणि गेल्या वर्षाने त्याला घाबरायला पुरेसं कारण दिलं आहे.

आता त्या वर्षाबद्दल. वडील गेले तेव्हा माणसं आली असतील, दहावं-तेरावं झालं असेल, कुणीतरी तुमच्या शेजारी बसून त्यांच्या आठवणी काढल्या असतील. बाळासाठी यातलं काय झालं? आपल्याकडे पाचव्या महिन्यात गेलेल्या बाळाला नाव नसतं, दिवस नसतात, भेटायला येणाऱ्यालाही काय बोलावं ते कळत नाही. "तू अजून लहान आहेस, पुन्हा राहील" एवढं म्हणून लोक मोकळे होतात. तुम्ही दहाव्या दिवशी शाळेत गेलात. खरं तर गर्भपात झाल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा हा प्रसूती रजेच्या कायद्याने दिलेला हक्क आहे आणि सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भ गेला तर तो लागू होतो. कित्येक शाळांमध्ये हे शिक्षिकेलाही माहीत नसतं आणि कार्यालयातही कुणी आपणहून सांगत नाही. त्या सहा आठवड्यांत अंगावरून जाणं थांबतं, दूध आलेलं असेल तर ते ओसरतं, आणि मनाला निदान काय घडलं ते समजून घ्यायला जागा मिळते. तुम्हाला ती जागा मिळाली नाही. पाठोपाठ वडील, मग नोकरीची काळजी, मग पुन्हा दिवस राहिले. त्या पहिल्या बाळाचं दुःख करायचं राहूनच गेलं. आणि आता सगळे सांगतात, आनंदी हो.

मला वाटतं तुमचे आभार तिथेच अडले आहेत. या बाळाबद्दल आनंद मानला तर त्या बाळाला विसरल्यासारखं होईल, असं आत कुठेतरी वाटत असेल तर ते अगदी स्वाभाविक आहे. यासाठी मी एक सुचवते, पटलं तरच करा. तुम्ही आणि तुमच्या मिस्टरांनी एका संध्याकाळी दोघांनीच त्या बाळासाठी काहीतरी करा. कुणी एक झाड लावतं, कुणी अंगणवाडीत खाऊ देतं, कुणी मनातल्या मनात नाव ठेवतं आणि ते दोघांपुरतंच राहतं. कुठल्याही पोथीत याचा विधी शोधू नका. नवऱ्याला यात घ्या म्हणते त्यालाही कारण आहे. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख फक्त नोकरीपुरता आहे. बाळ गेलं तेव्हा दवाखान्याच्या बाहेर बाकावर ते बसले असतील, कागदांवर सह्या त्यांनी केल्या असतील, आणि बहुधा ते छोटं गाठोडं हातात घेऊन पुढचं सगळंही त्यांनीच केलं. पुरुषांना त्याबद्दल कुणी विचारत नाही. एकदा तुम्ही विचारा.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंबद्दल सांगते. त्यांचं आधीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला तपासणीला आल्या की पोटावर जेली लावून सिस्टर बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, म्हणजे डॉपलर, ठेवायच्या, आणि बाई तोंड भिंतीकडे फिरवून, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून पडून राहायच्या. ठोके पटकन सापडले नाहीत तर त्यांचा श्वासच थांबायचा. डॉपलर ठेवल्याबरोबर बऱ्याचदा आधी वारेचा सूं-सूं आवाज येतो किंवा आईचीच नाडी येते, आणि बाळ फिरलेलं असेल तर थोडं शोधावं लागतं. सिस्टरांना हे लक्षात आलं. मग त्या हात फिरवता फिरवता बोलत राहायच्या, "ही वार आहे... ही तुमची नाडी... आता खाली येते... हां, हे बघा." बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 असतात, त्यामुळे ती घोडदौड एकदा ओळखता आली की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. काही भेटींनंतर बाईंनी तोंड भिंतीकडे न फिरवता ठोके ऐकले. त्या दिवशी त्या देवाबद्दल काही बोलल्या नाहीत. जाताना सिस्टरांना म्हणाल्या, "तुम्ही बोलत राहता ना, म्हणून मी इथे येऊ शकते." त्या गरोदरपणातले त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले आभार होते. ते एका माणसाला उद्देशून होते, एका नेमक्या गोष्टीसाठी होते, आणि भीती तशीच असताना निघाले होते.

म्हणून माझं सांगणं असं की आभाराची सुरुवात देवापासून आणि बाळापासून करू नका. त्या दोन्ही ठिकाणी सध्या तुमचं फार काही पणाला लागलेलं आहे. जिथे पणाला काही लागलेलं नाही तिथून सुरू करा. टाका घातला त्या दिवशी भूल देताना ज्या डॉक्टरांनी तुमचा हात धरला असेल त्या, तुमचा शेवटचा तास स्वतः घेऊन तुम्हाला लवकर घरी पाठवणारी शाळेतली सहकारी, वडिलांनी शिकवलेली आणि आजही तुमच्या हातून होणारी एखादी गोष्ट. अमेरिकेत 2003 साली एक अभ्यास झाला. त्यात काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, आभार मानावेत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. ज्यांनी त्रासाच्या गोष्टी लिहिल्या त्यांच्यापेक्षा या मुलांना आयुष्याबद्दल बरं वाटत होतं. ते महाविद्यालयातले विद्यार्थी होते, गर्भ गमावलेल्या बायका नव्हत्या, त्यामुळे मी त्याचा फार डांगोरा पिटणार नाही. पण आठवड्यातून एकदा आणि नेमकं लिहायचं, या दोन गोष्टी मला अनुभवाने पटल्या आहेत. रोज लिहायला बसलं की त्याचा गृहपाठ होतो, आणि "चांगलं कुटुंब, चांगलं आरोग्य" असं मोघम लिहिलं तर मनापर्यंत काही जात नाही. "मंगळवारी भाजीवालीने न मागता पिशवी दारापर्यंत आणून दिली" हे जातं.

त्यात माझी एक पुस्ती आहे. त्याच पानावर त्या आठवड्यात काय सलत होतं तेही लिहा. "आज वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ बसमध्ये दिसले आणि पोटात कालवलं." हे लिहिलं म्हणून वरचे आभार खोटे ठरत नाहीत. ज्या बायका फक्त चांगलं लिहायचा हट्ट धरतात त्या दोन-तीन आठवड्यांत वही बंद करतात. ज्यांना दोन्ही लिहायची मुभा असते त्यांची वही चालू राहते.

श्रद्धेबद्दल तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण हात जोडूनही काही येत नाही हे तुम्हाला फार लागलेलं दिसतं. मी डॉक्टर आहे, कीर्तनकार नाही, तरी आपल्याच मातीतलं जे माहीत आहे ते सांगते. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. त्यानंतर त्यांनी विठ्ठलाला गोड गोड धन्यवाद दिले असं नाही. ते त्याच्याशी भांडले, त्याला जाब विचारला, रुसले. आपल्या संतपरंपरेत देवाला बोल लावणं हे भक्तीच्या बाहेरचं कधीच मानलं गेलं नाही. जनाबाईंनी विठ्ठलाला काय काय सुनावलं ते तर घरोघरी ठाऊक आहे. तेव्हा देवघरापुढे उभं राहून "मला आज तुझ्याशी बोलावंसं वाटत नाही" एवढंच मनात आलं, तर तेच म्हणा. ज्याच्यावर आपला हक्क वाटतो त्याच्याशीच आपण असं बोलतो. दर्ग्यात जाणाऱ्या आणि चर्चमध्ये जाणाऱ्या बायकाही मला खासगीत हेच सांगतात. प्रार्थनेचे शब्द अडले, आणि ते अडले आहेत हे देवासमोर कबूल केल्यावरच पुढे काही सुटलं.

शिवाय श्रद्धा म्हणजे सगळं चांगलंच होणार ही खात्री, असं धरून बसलात तर तुमच्यासारख्या सोसलेल्या बाईला ती कधीच जमणार नाही, कारण तसं होत नाही हे तुम्ही पाहिलं आहे. माझ्या पाहण्यातली श्रद्धा फार साधी असते. निकाल माहीत नसताना बाई सकाळी लोहाची गोळी घेते, ठरल्या तारखेला तपासणीला येते, बाळासाठी काहीच खरेदी करायचा धीर नसला तरी माहेरच्या जुन्या मऊ साड्या धुऊन ठेवते. गेल्या वर्षी एवढं झाल्यावर तुम्ही पुन्हा दिवस जाऊ दिलेत आणि टाका घालून घ्यायला टेबलावर चढलात. याला मी तरी श्रद्धाच म्हणेन, देवघरापुढे तेव्हा काय वाटलं ते सोडून द्या.

नवस बोलला असाल तर एक विनंती. तो आत्ता फेडायच्या मागे लागू नका. निर्जळी उपवास, अनवाणी चालत जाणं, रांगेत तासन्‌तास उभं राहणं हे टाका असलेल्या पोटाला नको. पाणी कमी पडलं की पोट आवळून येतं आणि मग तुम्ही रात्रभर घाबरून जागता. बाळ झाल्यावर, तुमची तब्येत सावरल्यावर जा. थांबायला लागलं म्हणून देव रागावतो असं कुठल्याही शहाण्या पुजाऱ्याने मला सांगितलेलं नाही.

आता "बाळावर परिणाम होईल" हे वाक्य. या एका वाक्याने मी जितक्या बायका रडताना पाहिल्या तितक्या दुसऱ्या कशाने नाही. गर्भसंस्काराच्या नावाखाली आईला सतत प्रसन्न राहण्याची सक्ती करणं मला मनापासून चुकीचं वाटतं. तुम्ही रडलात म्हणून बाळ दुःखी स्वभावाचं होत नाही, एखाद्या संध्याकाळी वडिलांच्या आठवणीने हुंदके आले म्हणून त्याची वाढ खुंटत नाही. महिनोन्‌महिने टिकणारं, उपचाराविना राहिलेलं तीव्र नैराश्य मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात आईचं खाणं-झोपणं बिघडतं, तपासण्या चुकतात, आणि बाळ लवकर किंवा कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते. त्यावर इलाज हसतमुख राहण्याची सक्ती नव्हे, उपचार आहे.

म्हणून तुम्हाला काही गोष्टी स्पष्टच विचारते. सलग दोन आठवडे दिवसाचा बराचसा वेळ मन उदास किंवा रिकामं असतं का? पूर्वी आवडणारं काहीच करावंसं वाटत नाही असं झालंय का? बाळ फिरत नसताना, घर शांत असतानाही पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही का? जे घडलं त्यासाठी स्वतःलाच दोष देत राहता का? आणि हे सगळं संपावं, आपण नसावं, असं मनात येतं का? आमच्याकडे यासाठी 10 प्रश्नांची एक साधी चाचणी वापरतात, 1987 पासून जगभर वापरात आहे, मराठीतही करता येते. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच ती विचारते, बाहेर बाकावर बसूनही भरून होते. 30 पैकी 13 किंवा त्याहून जास्त गुण आले की आम्ही पुढे नीट तपासतो, आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा असतो, त्याचं उत्तर "हो" असेल तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे गरोदरपणात साधारण दहापैकी एका बाईला मानसिक आजाराचा, मुख्यतः नैराश्याचा त्रास होतो, आणि आपल्यासारख्या देशांत हे प्रमाण त्याहून जास्त आहे. पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांना सांगा, "मला ती मनाची चाचणी करायची आहे." त्यांनी "काही होत नाही, देवाचं नाव घ्या" म्हणून टाळलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा. गरोदरपणात देता येतील अशी औषधं आहेत, आणि बऱ्याच जणींना नुसत्या समुपदेशनानेही पुरतं. गोव्यात 'संगत' या संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या साध्या घरगुती बायकांनी गरोदर आणि बाळंत बायकांना घरी जाऊन आधार देण्याचं काम करून दाखवलं आहे. म्हणजे बोलायला समोर मोठी पदवीवालीच बसली पाहिजे असंही नाही. रात्री-अपरात्री फार जड झालं तर 'टेली-मानस'चा 14416 हा नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

त्याच भेटीत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहून घ्या. देशात निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्त कमी असतं. हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की धाप, थकवा, चिडचिड आणि काहीच नको वाटणं हे सगळं येऊ शकतं, आणि बाई समजते की आपलाच स्वभाव बिघडला.

टाका आहे म्हणून तुम्हाला पूर्ण झोपून राहायला सांगितलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सांगितलं असेल तर डॉक्टरांशी पुन्हा एकदा बोला. सरसकट पलंगावर पडून राहिल्याने गर्भ टिकतो असं दिसून आलेलं नाही, उलट पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. आणि छताकडे बघत पडलेलं मन काय काय रचतं ते तुम्हाला सांगायला नको. जड उचलणं, लांबचा प्रवास टाळायचा, पण घरात हिंडायला, गच्चीत संध्याकाळी बसायला बहुतेक जणींना हरकत नसते. तुमच्या बाबतीत नेमकं किती, ते ज्यांनी टाका घातला तेच सांगतील. पाणी गेल्यासारखं वाटलं, अंगावर लाल गेलं, पोट थोड्या थोड्या वेळाने आवळू लागलं किंवा खाली जोर आल्यासारखं वाटलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. चोविसाव्या आठवड्यापासून पुढे लवकर प्रसूतीची चिन्हं दिसली तर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देता येतात, आणि नवजात बाळांचा चांगला अतिदक्षता विभाग हाताशी असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर जन्मलेली बहुतेक बाळं वाचतात. आपल्या दवाखान्यात तो विभाग आहे का, नसेल तर जवळचा कुठे, हे आत्ताच विचारून, पत्ता आणि फोन कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा. माझा अनुभव असा की हा कागद लागला की बायकांना थोडी झोप लागू लागते. टाका साधारण छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात काढतात, त्याला सहसा काही मिनिटंच लागतात.

विसावा आठवडा ओलांडला तरी भीती का गेली नाही, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. सगळ्यांनाच पडतो. ती तारीख गेली की सुटलो असं वाटत असतं आणि सुटल्यासारखं होत नाही. वडिलांचं वर्षश्राद्ध, मागच्या बाळाची दिलेली तारीख, हे दिवस कॅलेंडरवर आधीच बघून ठेवा आणि त्या दिवशी शाळेतून रजा घ्या. अचानक कोसळण्यापेक्षा ठरवून रडलेलं बरं. आणि आतून एक गोष्ट आपोआप तुमच्या बाजूने घडते आहे. या सुमारास बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. सासूबाई संध्याकाळी हरिपाठ म्हणत असतील तर तुम्ही म्हणायची गरज नाही, नुसत्या जवळ बसा. बाळ ऐकेल. उद्या तुम्ही वर्गात कविता शिकवाल, तीही ऐकेल. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर रोज एका ठरावीक वेळी डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजा. दोन तासांत दहा झाल्या की झालं, बहुतेक वेळा त्याच्या किती तरी आधी होतात. कमी वाटल्या तर लगेच दवाखान्यात या. बाजारात मिळणारं डॉपलर मात्र घरी आणू नका, त्यावर आईचीच नाडी ऐकून निर्धास्त झालेल्या आणि वार ऐकून घाबरलेल्या, दोन्ही तऱ्हेच्या बायका येतात.

राहिलं डोहाळेजेवण. सासूबाईंनाही गेलं वर्ष जडच गेलं असणार. घरात काहीतरी शुभ घडावं म्हणून त्या धडपडत असतील. त्यांना "नको" म्हणून तोडण्याऐवजी नवऱ्याला सोबत घेऊन बसा आणि कारण सांगा. "आई, मला ओटी नकोय असं नाही. हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून पन्नास बायकांत बसले की मला मागचं आठवेल आणि मी सगळ्यांसमोर रडेन याची भीती वाटते. आपण घरातल्या घरात, तुम्ही आणि माझी आई, दोघींनीच ओटी भरा. बाकीचं बारशाला करू." बहुतेक सासवा हे ऐकून स्वतःच डोळे पुसतात. सातव्याऐवजी नवव्या महिन्यात करायचं असेल तरी चालतं, पुष्कळ घरांत तशीच रीत आहे. तोवर टाकाही निघालेला असेल. फोटो आणि पाळण्यावरच्या नावाच्या चिठ्ठ्या यातलं काही नको असेल तर तेही आधीच सांगा.

बाळ हातात आलं की सगळं मन भरून येईल, आणि राहिलेले आभार एकदम मानता येतील, अशी अपेक्षा तुमच्या आसपासचे लोक ठेवतील. काहींचं तसं होतं. काही जणी बाळाला छातीशी धरून त्या दुसऱ्या बाळासाठी रडतात, काहींना पहिले कित्येक दिवस नुसतं दमल्यासारखं वाटतं आणि प्रेम हळूहळू, दूध पाजता पाजता येतं. तुमचं कसंही झालं तरी ते आत्ताच मिस्टरांना सांगून ठेवा, म्हणजे तेव्हा तुम्हाला कुणाला समजावत बसावं लागणार नाही. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेक वेळा आपोआप ओसरतं. त्याहून पुढे गेलं तर बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांच्या तपासणीची वाट बघू नका, लगेच या आणि तीच 10 प्रश्नांची चाचणी पुन्हा मागा. बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर वडिलांशिवायच्या त्या घरात पहिल्यांदाच इतके दिवस राहणार आहात, तेव्हा आईशी याबद्दल आधी बोला, आणि तिथल्या आशाताईंचा नंबर घेऊन ठेवा.